'पूसतीर'च्या दारातली खुर्ची

पुसदसारख्या गावात एखादी बाई भर रस्त्यावर एका इमारतीकडे पाठ करून बसली आणि समोर आरसा टेकवून त्याच इमारतीचं चित्र काढायला लागली, तर लोक काय म्हणतील? जे म्हणायचं ते सगळं म्हणून झालं होतं. ती नगरपालिकेची मोजणीवाली आहे, टीव्हीवाल्यांची आहे, वास्तुदोष काढणारी आहे. एका शहाण्याने तर ती पोलिसांची असून आरशातून मटकेवाल्यांवर नजर ठेवते आहे असंही पसरवून दिलं, त्यामुळे कोपऱ्यावरची दोन टाळकी खरोखरच काही दिवस दिसेनाशी झाली. सुरुवातीला अतियाभोवती गर्दी जमायची. मग गर्दीही कंटाळली. जस्ताच्या पत्र्यावर सुईने बारीक रेघा ओढणारी बाई किती वेळ बघणार?

अतिया ही जफर मिस्त्रीची मुलगी. बसस्टँडच्या मागे मोटारसायकली दुरुस्त करतो तो जफर मिस्त्री. पोरगी नागपूरला जाऊन चित्रकला शिकली, आणि चित्रकलेतही तिने नेमकं एचिंग धरलं. एचिंग म्हटलं की गावात पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, म्हणजे काय? मग ती समजावून सांगायची. पत्र्यावर मेणाचा काळा थर द्यायचा. त्या थरावर सुईने चित्र कोरायचं. पत्रा तेजाबात बुडवला की सुई जिथे फिरली तिथेच तेजाब त्याला खातं. मग त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर छापायचं. छापताना डावं उजवीकडे जातं, म्हणून चित्र मुळातच आरशात बघून काढायचं. इतकं सगळं ऐकून घेऊन समोरचा माणूस शांतपणे विचारायचा, मोबाइलवर फोटो काढला असता तर? अतिया हसायची आणि आतून जळायची.

ती ज्या इमारतीकडे पाठ करून बसायची ती 'दैनिक पूसतीर'ची. दोन मजले, दगडी जोतं, वर लाकडी गॅलरी आणि कपाळावर सिमेंटमध्ये काढलेली ठसठशीत अक्षरं. एके काळी या रस्त्यावर सगळ्यांत उंच तीच होती. आता एका अंगाला काचेचं कॉम्प्लेक्स, त्यात मोबाइलची दुकानं आणि वर नीटचे क्लास. दुसऱ्या अंगाला दवाखान्यांची पाच मजली इमारत. मध्ये 'पूसतीर' लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी अंग चोरून उभी. संपादक गेले तेव्हाच पेपर बंद पडला, त्यांच्या मुलाने छपाईचं यंत्र भंगारात दिलं आणि पुण्यातल्या नातवाने आता जागाच एका बिल्डरला देऊन टाकली होती. संक्रांतीनंतर पाडायला सुरुवात होणार हे सगळ्या गावाला माहीत होतं.

अतियाला म्हणूनच घाई होती. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनातून दोन वर्षं तिची चित्रं परत आली होती. शाळेतली कंत्राटी नोकरी संपली होती. घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला की अब्बा गप्प बसायचे आणि अम्मी बोलायची. या वेळी चित्र लागलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नागपूरच्या कॉलेजातलं छापायचं यंत्र तिच्या सरांनी तिच्यासाठी पुढच्या महिन्यात मोकळं ठेवलं होतं.

इमारत छान उतरत होती. पण नुसत्या इमारतीने चित्र होत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. चित्र झालं ते विठ्ठलरावांमुळे.

विठ्ठलराव हे 'पूसतीर'चे उपसंपादक. पेपर बंद पडला तरी गावात त्यांची ओळख तीच राहिली. लग्न केलं नाही. संपादकांनी मागच्या अंगाची खोली राहायला दिली होती, तिथेच त्यांचं उभं आयुष्य गेलं. रोज सकाळी ते आपली वेताची खुर्ची उचलून इमारतीच्या मुख्य दारात आणून ठेवत, चष्मा पुसत आणि 'पूसतीर'ची जुनी बांधीव फाइल मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचत बसत. जुन्या बातमीतली चूक सापडली की खिशातलं पेन काढून दुरुस्तही करत. गावातून निघणाऱ्या दुसऱ्या पेपरला मात्र त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. त्याचं नावसुद्धा ते घेत नसत, 'तो कागद' म्हणत. चहावाला लखीराम भजी बांधून द्यायचा तर तेवढ्यापुरता आठवणीने हिंदी पेपर वापरायचा, नाहीतर भजी परत यायची.

आरशात ते दार, ती खुर्ची आणि तो वाकलेला माणूस दिसला आणि अतियाने सुई खाली ठेवली. हेच चित्र. तिने जाऊन विचारलं, काका, मी तुम्हाला चित्रात घेऊ का? विठ्ठलरावांनी आधी तिच्या सुईची, पत्र्याची सगळी चौकशी केली. 'पूसतीर'मध्येही फोटोचे ठोकळे असेच तेजाबाने करायचे, हे त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं. मग म्हणाले, "मी तं बसूनच राह्यतो बेटा. तुले पाहिजे तितकं बसतो."

आणि ते बसले. थंडी होती, तरी ती म्हणेल तसे बसले. मान थोडी खाली म्हटलं तर खाली, फाइल गुडघ्यावर म्हटलं तर गुडघ्यावर. दुपारी लखीरामकडून दोन चहा यायचे आणि दोन्हीचे पैसे काका द्यायचे. गॅलरी झाली, दगडी जोतं झालं, अक्षरं झाली, खुर्ची झाली. चेहरा होईना. नखाएवढा चेहरा, पण त्यात हा माणूस यायला हवा होता आणि येत होता भलताच कोणीतरी. चुकलं की त्या जागेवर कुंचल्याने पुन्हा थर द्यायचा, तो नीट वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत सुरुवात. असे बरेच दिवस गेले.

अशाच एका संध्याकाळी अतिया अब्बांच्या गॅरेजमध्ये बसली होती. सोनाराकडून आणलेलं तेजाब किती जोराचं आहे हे बघायला तिने पत्र्याचा एक लहान तुकडा त्यात घालून काढला होता. शाई लावून तो तुकडा पुसायला तिने हात पुसायच्या रद्दीतलं एक पान ओढलं. पान दुसऱ्या पेपरचं होतं, परवाचंच. पुसता पुसता चौकटीत 'पूसतीर' हे नाव दिसलं म्हणून ती थांबली.

जाहीर नोटीस होती. सदर इमारतीत ज्या कोणाचा ताबा असेल त्याने या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारपर्यंत आपले कागद घेऊन वकिलांच्या कार्यालयात हजर व्हावं. त्यानंतर कोणाचाही हक्क राहणार नाही. तिने अब्बांना विचारलं. अब्बांना सगळं माहीत होतं. 'पूसतीर'च्या खाली दुकानं असलेल्या बॅटरीवाल्याने आणि शिंप्याने जाऊन लिहून घेतलं होतं, दोघांना नव्या इमारतीत मागच्या बाजूला एकेक खोली मिळणार होती. आणि विठ्ठलकाका? अब्बा स्पार्क प्लग घासत म्हणाले, ते पेपरवाले आहेत, त्यांना आपल्या आधी कळलं असणार.

अतियाला माहीत होतं की कळलेलं नाही. ज्या कागदाला तो माणूस हात लावत नाही, त्याच कागदात त्याचं घर छापून आलं होतं. तिने पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. उद्या सकाळी पहिलं काम हेच, असं ठरवून ती झोपली, आणि तिला झोपही लागली.

सकाळी ती गेली तेव्हा विठ्ठलराव खुर्ची लावून तयार होते. ऊन अगदी हवं तसं तिरकं आलं होतं. आता सांगितलं तर काका उठणार. कागद शोधणार, वकिलाकडे जाणार, चार ठिकाणी चौकशा करणार, आणि घर जाणार म्हणून खचलेला माणूस उद्या या दारात असा निवांत वाचत बसेल का? तो निवांतपणाच तर तिला हवा होता. शुक्रवार अजून लांब होता. चेहरा झाला की सांगू, तिने मनाशी म्हटलं. लोक स्वतःला अशी उधारी फार सहज देतात.

त्या दिवशी चेहरा झाला नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. तिसऱ्या दिवशी डोळे जमले आणि तोंड बिघडलं. रोज ती पर्समध्ये ते पान घेऊन जायची आणि रोज घेऊन परत यायची. एकदा काकांनी चहा पुढे केला तेव्हा तिला रडू आलं, आणि धूळ गेली असं तिने सांगितलं. तिला लाज वाटत होती, अगदी मनापासून वाटत होती. पण लाज वाटते म्हणून माणूस वागणं बदलतोच असं नाही. रात्री लाज आणि सकाळी सुई, असं तिचं चाललं होतं.

शुक्रवार उजाडला. अतिया लवकरच गेली. आज काहीही झालं तरी सांगायचं, हे पक्कं होतं. विठ्ठलराव दारातून बाहेर येत होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून कागदांच्या कडा दिसत होत्या.

अतियाने पाहिलं. काय ते तिला कळलंही. लखीरामने नाहीतर शिंप्याने सांगितलं असणार, काका निघाले होते. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. चला, आपल्यावाचून काम झालं. आता तिने बाजूला सरून वाट द्यायची होती, इतकंच. पण त्याच वेळी रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या काचेवरून उडालेलं ऊन काकांच्या चेहऱ्यावर आलं, आणि इतके दिवस न सापडलेला तो चेहरा, गालाची ती ओढ, ओठांवरची ती जुनी शिस्त, सगळं तिच्यासमोर उभं राहिलं.

"काका," ती म्हणाली, "आजचा दिवस बसा ना. चेहराच राहिला फक्त."

विठ्ठलराव थबकले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"जायचं होतं मले जरा," ते म्हणाले. "किती वेळ लागते?"

"थोडाच."

कुठे जायचंय, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ते आत जाऊन खुर्ची घेऊन आले, बसले, फाइल मांडीवर घेतली. पिशवी मांडीवर मध्ये येत होती म्हणून अतियाने स्वतःच्या हाताने ती खुर्चीखाली ठेवली. मग ती त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि आरशात बघू लागली.

चेहरा उतरला. असा उतरला की तिचा हात तिलाच परका वाटला. ऊन सरकलं, लखीरामचा चहा येऊन थंड झाला, शेजारच्या क्लासची पोरं सुटली, कशाचंही तिला भान नव्हतं. झालं, असं म्हणून तिने सुई खाली ठेवली आणि वळून पाहिलं, तोवर विठ्ठलराव पिशवी उचलून झपझप चालत कोपऱ्यापर्यंत पोचले होते. तिने घड्याळ पाहिलं. दुपार टळून गेली होती. संध्याकाळी ती स्वतः वकिलाच्या कार्यालयापाशी जाऊन आली. कुलूप होतं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, साहेब दुपारीच यवतमाळला गेले, कुठल्यातरी तारखेसाठी.

संक्रांत झाली आणि 'पूसतीर' पडली. अतिया नागपूरला होती. तेजाबाने पत्रा तिला हवा तसा खाल्ला होता. पहिली प्रत यंत्रातून निघाली, तिने कागद कोपऱ्याला धरून उचलला, आणि सरांनी तो उजेडात नेऊन चेहऱ्यावर भिंग धरलं. प्रदर्शनात चित्र लागलं. अम्मीने मोहल्ल्यात मिठाई वाटली, अब्बांनी गॅरेजच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलं. अतियाला त्या दिवसांत जेवण जात नव्हतं. विठ्ठलराव उमरखेडला धाकट्या बहिणीकडे गेल्याचं तिला लखीरामकडून कळलं. खोली मिळाली नाही, तारीख उलटून गेली होती.

तिने एक प्रत पातळ कागदात गुंडाळून पुठ्ठ्यात घातली आणि उमरखेडची एसटी धरली. जाऊन काय सांगायचं ते तिने पूर्ण वाटभर ठरवलं. आधी सांगायचं, मगच चित्र द्यायचं.

पण विमलताईंनी, म्हणजे विठ्ठलरावांच्या बहिणीने, दार उघडलं आणि काका ओसरीवरच्या खाटेवरून इतक्या आनंदाने उठले की सगळं उलटं झालं. त्यांनी पुठ्ठा तिच्या हातातून काढूनच घेतला. चित्र खाटेवर ठेवून ते वाकून बघायला लागले. गॅलरीचा तुटलेला गज त्यांनी बोटाने दाखवला, जोत्यावरची चीर दाखवली, अक्षरं एकेक करून वाचली. खुर्चीवरच्या माणसापाशी बोट आलं तेव्हा ते हसले. म्हणाले, चेहरा जरा म्हातारा काढला.

विमलताई चुलीकडून येता येता चित्र बघून गेल्या. त्या बऱ्याच दिवसांचं मनात धरून होत्या. एका चित्रापायी हक्काची खोली घालवली, आता या वयात भाचेसुनेच्या हाताकडे बघत बसायचं, असं त्या भिंतीला सांगावं तसं बोलल्या.

"तिले कायले बोलते तू?" विठ्ठलराव म्हणाले. मग अतियाकडे वळून त्यांनी झालं ते सांगितलं, जसं काही तिला ते नवीनच होतं. आदल्या रात्री लखीरामने नोटिशीचं सांगितलं. सकाळी कागद घेऊन ते निघालेच होते. "तू म्हणाली बसा. म्हटलं, पोरीचं पान लागू दे. आमच्या इथं पेपरचं पान लागल्याबिगर कोणी खुर्ची सोडत नव्हतं, घरी काही होवो. मंग गेलतो, तं वकील निघून गेलता. दुसऱ्या दिवशी म्हणे, आता काही होत नाही." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "या पोरीले कुठं माहीत होतं? माहीत असतं तं तिनंच मले हाताले धरून उठवलं असतं."

यावर गप्प राहिलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. म्हातारा खूश होता, बहीण चार दिवसांत शांत झाली असती, चित्र या ओसरीवर लागलं असतं. अतियाला ते सगळं दिसलं, आणि क्षणभर तिला ते हवंसंही वाटलं.

"माहीत होतं, काका," ती म्हणाली. "मी वाचली होती नोटीस. तुमच्या आधी."

"कुठं वाचली?"

"त्या दुसऱ्या पेपरात. आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरत होते. चेहरा झाला की सांगणार होते."

विठ्ठलरावांनी चष्मा काढला. त्यांना हे नीट लावून घ्यायला वेळ लागला. सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या बातम्या नीट लावण्यात गेलेला माणूस होता तो.

"त्या दिवशी पिशवी पाह्यली होती तू?"

"पाहिली होती. कुठं निघालात तेही कळलं होतं."

विठ्ठलरावांनी चष्मा पुन्हा लावला आणि चित्र परत एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, कुणाची तरी बातमी तपासावी तसं.

"काम चांगलं झालं आहे," ते म्हणाले. "त्यात काही चूक नाही."

मग त्यांनी पातळ कागद चित्रावर अंथरला, कडा जुळवल्या, पुठ्ठ्यात घातलं आणि दोरी बांधून ते तिच्या पुढे धरलं. "हे घेऊन जाय. माह्याच्यानं रोज पाहणं होणार नाही." अतियाने हात पुढे केला नाही तेव्हा त्यांनी ते तिच्या मांडीवर ठेवलं. संध्याकाळी पुसदच्या गाड्या भरून येतात, आताच निघालेलं बरं, असंही त्यांनी सांगितलं, आणि ते आत गेले.

गाडी भरलेलीच होती. अतिया दाराजवळ उभी राहिली. प्रत्येक थांब्यावर माणसं चढत होती, बोचकी चढत होती, आणि ती दोन्ही हातांनी पुठ्ठा छातीशी धरून, कोपरं बाहेर काढून जागा राखत होती. पुसद जवळ आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या सगळ्या वाटेत ती एकाच गोष्टीला जपत होती, चित्राला घडी पडू नये. आणि मग तिला रडायला आलं, भर गाडीत, पण तेव्हाही तिने पुठ्ठा सोडला नाही.